मखरामागची पिन

आमच्या ह्यांना एक खोड आहे. दोन वस्तू एकमेकींत बसत नसल्या की त्यांतली एक कापायची. एका वर्षी कॅलेंडर फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या भिंतीवर मावेना, तर ह्यांनी खालची पट्टीच कापून टाकली. वर्षभर आमच्या घरात शनिवार नव्हता. मी बोलले तर म्हणतात, "शुक्रवारनंतर काय येतं हे तुला ठाऊक नाही का?" अशा माणसाबरोबर मी जन्म काढला आणि तरी माझं डोकं ठिकाणावर आहे. ह्याचं श्रेय मी मलाच देते, कारण दुसरं कुणी देणार नाही.

ही खोड आत्ता आठवायचं कारण म्हणजे ह्या वर्षीचा गणपती, आणि त्या गणपतीमागे अडकलेली माझ्या सुनेची नोकरी.

सून म्हणजे सई. माझा मुलगा निनाद बंदरात इंजिनीयर आहे. आधी तो इथेच उरणच्या बाजूला होता, रात्री जेवायला घरी असायचा. गेल्या वर्षी त्याची बदली झाली ती थेट ओडिशात, पारादीपला. सईचं ऑफिस बेंगळुरूला, पण तिला घरून काम करायची सूट होती, तीही तात्पुरती आणि फक्त आमच्या नवीन पनवेलच्या पत्त्यावरून. त्यामुळे नवरा पारादीपला आणि बायको सासू-सासऱ्यांकडे. बघणारे हळहळायचे. मी हळहळत नव्हते, खोटं कशाला बोलू? हे रिटायर झाल्यापासून दिवसभर पेपर मोठ्यांदा वाचतात, दुःखद निधनांसकट. सईमुळे मला घरात बोलायला माणूस मिळालं. रोज दुपारी जेवताना ती ऑफिसातल्या भानगडी सांगायची. कोण कुणावर जळतं, कोण साहेबांच्या मागेपुढे करतं, त्या अनुष्काचं प्रमोशन कधीपासून अडलंय, मला सगळं पाठ. मला एक दिवस त्या ऑफिसात बसवा, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सरळ करते.

तर श्रावणात एकदा जेवताना सई म्हणाली, "आई, माझे कॉल फार तुटतात म्हणून साहेब वैतागलेत. वायफायवर भरवसा नाही म्हणाले. केबल लावा. आमचा माणूस इथून तासभर तुमची लाइन तपासणार. तेवढ्यात एकदाही तुटली, तर पुढच्या महिन्यापासून बेंगळुरूला ऑफिसात यायचं."

"आणि नाही तुटली तर?"

"तर घरून काम कायमचं."

माझा घास तोंडातच फिरायला लागला. वरवर मी म्हटलं, "हो का, बघू." पण खरं सांगते, मला घाम फुटला होता. ही पोरगी गेली की राहणार कोण, तर हे आणि दुःखद निधनं.

केबल लगेच आली. आमचं राउटर हॉलच्या कोपऱ्यात भिंतीवर खाली बसवलेलं आहे, आणि सईची बेडरूम सगळ्यात मागे. निनादनं फोनवरून सांगितलं तशी सईनं भिंतीच्या कडेकडेनं केबल नेली, एक टोक राउटरमध्ये खुपसलं, दुसरं लॅपटॉपमध्ये. टक् टक् असे दोन आवाज आले आणि नेट असं पळायला लागलं की सई खुर्चीत बसल्या बसल्या नाचली. तपासणीची तारीख ठरली. मी कॅलेंडर बघितलं, तर गणपतीचा तिसरा दिवस. बेंगळुरूच्या साहेबांना गणपतीची सुट्टी एकच दिवस असते. आमचा बाप्पा पाच दिवसांचा, हे त्यांना कोण सांगणार?

आणि आमच्या बाप्पाची जागाही ठरलेली आहे. हॉलचा तोच कोपरा. ह्यांनी टेबल राउटरला लागून भिंतीशी सरकवलं, पुढून माझी जुनी पैठणी झालरीसारखी लावली, आणि वर पुठ्ठ्याचं बंदर उभारलं. निनादच्या कौतुकाखातर ह्या वर्षी देखावा बंदराचा होता. क्रेन होत्या, जहाज होतं, कापसाच्या लाटा होत्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कपाट, मागे मखर चिकटपट्टीनं गच्च बंद केलेलं. पेणहून आणलेली मूर्ती मधोमध बसली. प्राणप्रतिष्ठा झाली, मोदक झाले, पहिले दोन दिवस लॅपटॉपची कुणाला आठवणही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सईनं लॅपटॉप उघडला आणि हाक मारली, "आई, केबल मेली."

मी पीठ मळत होते, तशीच धावले. लॅपटॉपवर कसलंसं लाल फुलीचं चिन्ह. सईनं पिन काढून परत लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी फुली जागेवर. तपासणी अकराला. तिनं निनादला फोन लावला. तो म्हणाला, "वायफाय येतंय का? येतंय ना? मग राउटर चालू आहे. बिघाड केबलमध्ये किंवा तिच्या टोकाला. आधी एकदा राउटर बंद करून चालू करा."

राउटरचं बटण मखराच्या मागे. ह्यांनी घराचा मेन स्विचच पाडला. समई तेवढी तेवत राहिली, बाकी बंदर अंधारात. पुन्हा चालू केलं तर फ्रिज कण्हला, पंखा फिरला, वायफाय आलं, फुली तशीच. ह्यांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, राउटर बंद करून चालू करा." हे तिच्यावर खेकसले. म्हणजे हेच मुलानं सांगितलं तेव्हा चाललं, परकी मुलगी म्हणाली तर राग.

शेवटी निनाद म्हणाला, "राउटरवरचे दिवे बघा." आता दिवे बघायचे कसे? मी माझा छोटा आरसा आणला आणि मखर आणि कपाटाच्या फटीतून आत धरला. आरशात हिरवे दिवे लुकलुकत होते. बेडरूमच्या केबलचा तेवढा काळा.

"मग तिथली पिन निसटली आहे," निनाद म्हणाला. "दाबा. टक् असा आवाज यायला पाहिजे. पिनेला वर एक प्लॅस्टिकची शेपटी असते, ती अडकली की पिन हलत नाही."

हे गप्प झाले. आमचे हे गप्प झाले की समजावं, काहीतरी कापलेलं आहे.

"शेपटी आहे ना तिला?" मी विचारलं.

"मखर लावताना केबल काढली, तर परत लावायला मखराच्या भोकातून पिन जात नव्हती," हे म्हणाले. "शेपटी मध्ये येत होती. नेलकटरनं काढली."

"भोक मोठं करायचं होतंत."

"मग मखर बिघडलं असतं."

सई भिंतीला टेकली आणि तिनं डोळे मिटून घेतले. ते पाहून मला ह्यांचा इतका राग आला की आरसा हातात होता म्हणून वाचले. दोन दिवस आरत्या झाल्या होत्या, झांजा, टाळ्या, टेबलाला हादरे. शेपटी नसलेली पिन प्रत्येक आरतीला थोडी थोडी मागे सरकत गेली असणार. नवी पिन लावून द्यायला केबलवाला हवा, तर तो गणपतीला आपट्याला आपल्या गावी गेलेला.

"टेबल जरासं पुढे ओढू," मी म्हटलं.

"उत्तरपूजेशिवाय मूर्ती जागची हलवायची नाही," हे म्हणाले. शेपटी कापताना हात कापला नाही, पण शास्त्र आलं की एकदम तोंड वर. तरी मी गुरुजींना फोन लावला. ते दुसऱ्या कुणाच्या पूजेत होते, दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, उत्तरपूजा करून हलवलंत की झालं विसर्जन. मग पाच दिवस विसरा." निनाद जन्मला त्या वर्षापासून पाच दिवस कधी चुकले नाहीत. माझीही जीभ वळली नाही.

मग एकच वाट उरली, टेबलाखालून. चूक ह्यांची म्हणून आधी हे शिरले. पैठणीआड अर्धे गेले असतील, आणि काहीतरी सापडल्याच्या आनंदात ह्यांनी मान वर केली. टेबलाला असा दणका बसला की एक क्रेन मोडून बाप्पाच्या उंदरावर पडली. मी आणि सई श्वास रोखून मूर्तीकडे बघत राहिलो. मूर्ती हलली नव्हती. मी ह्यांचे पाय धरून त्यांना बाहेर ओढलं आणि साडीचा पदर खोचला.

आत उताणं पडून सरकत गेले. वर टेबल, नाकाशी धूळ, समोर राउटर. चाचपून पिन सापडली, भोकात दाबली. आतून सईची हाक आली, "आलं." मी हात काढला. "गेलं." पुन्हा दाबली. "आलं." मी ह्यांना म्हटलं, "चिकटपट्टी द्या." बाहेरून उत्तर आलं, "संपली. मखराला लागली सगळी." मी पिनेखाली पदराचं टोक कोंबून बघितलं, देवाच्या दोऱ्यानं बांधून बघितलं, काही टिकेना. बोटानं दाबून धरलं की तेवढं नीट.

"आई, अकरा वाजले, ते आले लाइनवर," सई म्हणाली. "आता तुम्ही..." पुढचं तिला बोलवेना.

"दार लाव आणि कामाला लाग. मी धरते."

एक तास पिन धरायची, त्यात काय, असं मला वाटलं. पहिली काही मिनिटं गेलीही बरी. मग हाताला मुंग्या आल्या, आणि मोदकाच्या वासानं खऱ्या मुंग्याही आल्या. इतक्यात दाराची बेल वाजली आणि दमयंतीचा आवाज आला. दमयंती तळमजल्यावर राहते. माहेर उरणजवळच्या करंजाचं, सासरी मासळीचा धंदा, आवाज समुद्रावर तयार झालेला. बिल्डिंगमधल्या पाच-सहा बायका घेऊन दर्शनाला आली होती.

"भाऊ, वयनी कुटं हायत?" तिनं विचारलं. आणि मग तिला पैठणीखालून बाहेर आलेले माझे पाय दिसले. "अगो बाय, ह्ये पाय कुनाचं?"

आता सरळ सांगायचं ना, की बायको केबल धरून पडली आहे? पण मग शेपटीचं सांगावं लागलं असतं. हे म्हणाले, "नवस आहे तिचा."

"कसला नवस?"

"सांगायचा नसतो."

टेबलाखाली माझ्या तोंडात जे आलं ते बाप्पाच्या इतक्या जवळ बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून मी गिळलं. तोंड उघडून खरं सांगावं तर दमयंती सगळ्या बायकांसकट मला मदत करायला खाली घुसली असती, आणि सईची लाइन गेली असती. मी मुकाट पडून राहिले.

"लय कडक नवस हाय," दमयंती भारावून म्हणाली. "आमच्याकडं लोटांगन घालतात, पन देवाच्या खाली जाऊन निजलेली बाय मी आज पायली. कुंकू हाय का कुनाकडं?"

माझ्या पायांना हळदकुंकू लागलं. मला तळव्यांना भयंकर गुदगुल्या होतात, हे ह्यांना लग्नापासून ठाऊक आहे, पण ते हात बांधून उभे असणार. एकीनं अंगठ्यावर फूल ठेवलं, दुसरीनं तळव्यावर डोकं टेकवलं, तिचे केस लागले, आणि माझे पाय आपोआप थडाथडा उडाले.

"वयनींच्या अंगात आलं," दमयंती कुजबुजली. तिची कुजबूज जिन्यापर्यंत जाते. मग पुढे होऊन म्हणाली, "माय, माज्या परेशचं लगीन कवा जमंल?"

हात बधिर, पायाला गुदगुल्या, मानेवर मुंगी, आणि वर परेशचं लग्न. माझा तोल सुटला. "आधी त्याला सकाळी उठायला सांग," मी खालून ओरडले.

मग दमयंती गहिवरून म्हणाली, "खरं हाय. धा वाजंपरेंत निजतो. वयनींना कसं कललं?" कळायला काय, तो उठल्यावर जांभई देतो ती आमच्या मजल्यावर ऐकू येते. पण ते मी बोलले नाही. त्या आनंदात बायकांनी आरती सुरू केली.

आरती म्हणजे झांजा. डोक्यावरचं टेबल थरथरायला लागलं आणि बोटाखाली पिन निसटू लागली. मी दुसरा हातही वर नेला, दोन्ही अंगठ्यांनी पिन दाबली आणि मनात म्हणाले, बाप्पा, मी तुझ्याकडे काही मागत नाही, सगळं आहे माझ्याकडे. पण माझ्या सईला घरून काम करायची कायमची परवानगी मिळू दे. मला तिच्याशिवाय करमणार नाही. एवढं कर, मी ह्यांना पुन्हा कधी टाकून बोलणार नाही. हे शेवटचं मी लगेच मागे घेतलं, पण बाकी अगदी तळापासून मागितलं.

आरती संपली, प्रसाद वाटला गेला, बायका माझ्या पायांना नमस्कार करून गेल्या. किती वेळ गेला मला कळलं नाही. मग दार उघडलं आणि सई खाली वाकून म्हणाली, "आई, झालं. सोडा आता." बोटं उघडेनात. तिनं एकेक करून सोडवली.

मोरीत बसवून ती माझ्या पायांचं कुंकू धूत होती, तेव्हा मी विचारलं, "तुटली का?"

"एकदाही नाही."

"मग परवानगी?"

"मिळाली. कायमची."

"मग तोंड असं का केलंयस?"

ती साबण चोळत राहिली. "साहेब म्हणाले, भर गणपतीत, आरती चालू असताना जिची लाइन हलली नाही, तिला एकाच पत्त्याला कशाला बांधायचं? चांगली केबल असेल तिथून कर म्हणाले. देशात कुठूनही." मग माझ्या टाचेकडे बघत म्हणाली, "पारादीपहूनसुद्धा."

देवाकडे मागितलं होतं, पत्ता सांगायचा राहिला होता.

"मी अजून काही ठरवलेलं नाही," सई घाईघाईनं म्हणाली. "इथून काय वाईट चाललंय? इथेच बरंय की."

मी "बघू" म्हटलं आणि पाय काढून घेतले. पुढचे दोन दिवस मी सगळ्यांवर चिडलेली होते. ह्यांच्यावर होतेच, त्या साहेबांवर, निनादवर, पुठ्ठ्याच्या बंदरावर, आणि सगळ्यात जास्त बाप्पावर. नैवेद्य दाखवताना मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. सईवर चिडता येत नव्हतं, कारण ती पारादीपचं नावही काढत नव्हती. फक्त निनादचा फोन आला की गॅलरीत जाऊन हळू बोलायची, आणि आत आली की माझ्याकडे बघून जरा जास्तच हसायची.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली. गुरुजी म्हणाले, "आता मूर्ती जागेवरून जराशी हलवा." ह्यांनी दोन्ही हातांनी बाप्पाला धरलं आणि किंचित सरकवलं. पाच दिवस ज्याला धक्का लागू नये म्हणून मी टेबलाखाली मुंग्या चावून घेतल्या, त्याला आता आम्हीच हातानं हलवत होतो. मला रडू आलं. दमयंती शेजारी होती, ती म्हणाली, "रडू नको वयनी, जायलाच पायजे त्याला." मी डोळे पुसले आणि सईला बाजूला घेतलं.

"पारादीपचं तिकीट काढ."

"आई, पण तुम्ही..."

"माझं मी बघीन. नवरा तिकडे एकटा डबे खातोय आणि तू इथे माझ्याशी गप्पा मारतेस. लोक मलाच नावं ठेवतील." लोकांचं काही नव्हतं. पण तिला बरं वाटावं असं दुसरं काही मला सुचलं नाही. तिनं भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

सई गेली. परेश सकाळी उठायला लागला आणि त्याचं लग्न कोन गावच्या मुलीशी ठरलं, त्यामुळे दमयंती अजून मला वाकून नमस्कार करते आणि मी तो घेते. दुपारी मी आणि हे समोरासमोर बसून जेवतो. हे दुःखद निधनं वाचतात.

परवा मी ताट वाढून घेतलं आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. सई तिच्या टेबलाशी ताट घेऊन बसलेली, मागे पारादीपच्या क्वार्टर्सची हिरवी भिंत. म्हणाली, "आई, माझी जेवायची सुट्टी. म्हटलं, आपण जेवू. लॅपटॉपवरून केलाय, तुम्ही मोठ्या दिसाल म्हणून." मी पहिला घास घेतला, तोच तिचं चित्र गोठलं. आलं, परत गोठलं.

"पिन सैल आहे," मी म्हटलं. "टक् असा आवाज आला पाहिजे. शेपटी बघ."

"शेपटी नाहीये, आई," सई म्हणाली आणि हसायला लागली. "टेबलाच्या भोकातून केबल जात नव्हती, म्हणून निनादनं कापली."

मी वळून ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

"निनाद कुठे आहे?"

"जेवायला आलाय घरी. इथेच आहे."

"त्याला टेबलाखाली जाऊन धरायला सांग."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, काहीतरी धडपडलं, आणि सईचं चित्र एकदम स्वच्छ झालं. तिच्या ताटातली भेंडीसुद्धा दिसायला लागली.

"आई, हात दुखतोय," टेबलाखालून निनादचा आवाज आला.

"दुखू दे. सोडायचं नाही," मी म्हणाले, आणि ताट पुढे ओढलं. "हं, सई. अनुष्काच्या प्रमोशनचं काय झालं ते सांग."